तसला रंग

आमच्या प्रसूती वॉर्डात एक कॅप्टन होता. त्यानं आयुष्यात कधी फुटबॉलला पाय लावला नव्हता. त्याचं काम ट्रॉली ढकलायचं, चादरींचे गठ्ठे धोबीखान्यात पोचवायचं आणि रक्ताच्या बाटल्या तपासणीला नेऊन द्यायचं. तरी सगळं हॉस्पिटल त्याला कॅप्टन म्हणायचं आणि तो छाती फुगवून ओ द्यायचा. पहिल्यांदा कोणीतरी चेष्टेनंच म्हटलं असणार. चेष्टा कळायला जेवढी अक्कल लागते तेवढी त्याच्याकडे शिल्लक नव्हती, म्हणून ती पदवी त्याला कायमची चिकटली.

मी त्या वॉर्डाची मुख्य सिस्टर. नोकरीची बहुतेक वर्षं हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर होता आणि त्याच्याबद्दल मला कधी आदर वाटला नाही, हे आधीच सांगून टाकते. बाई फार कडवट बोलते असं कोणाला वाटलं तर खुशाल वाटू दे. माझी हयात बायकांच्या कळा आणि बाळांचं रडणं ऐकण्यात गेली. चेंडूमागे धावणाऱ्या बावीस जणांसाठी ऊर बडवणाऱ्या बाप्यांचं कौतुक करायला मला सवड झाली नाही.

आमच्या शहरात दोन क्लब. एक निळा, एक पिवळा. त्यांची खरी नावं लांबलचक आहेत, पण ती कमानीवर लिहिण्यापुरती. बोलताना सगळे निळे आणि पिवळे. मुळात क्लब एकच होता. तो फुटला कशावरून, तर निळे सांगतात पिवळ्यांनी दगा दिला म्हणून, आणि पिवळे सांगतात निळ्यांनी. माझे सासरे त्या काळात मैदानावर गवत कापायचे. ते सांगायचे, खेळाडूंच्या खोलीची किल्ली कोणाकडे राहणार यावरून भांडण झालं. मला सासऱ्यांचंच पटतं. एवढ्या मोठ्या वैराला इतकंच फुटकळ कारण शोभतं. त्या किल्लीपायी पुढच्या पिढ्यांनी एकमेकांची डोकी फोडली, न्हावी बदलले, वाणी बदलले, सख्ख्या भावांनी बोलणं टाकलं. आणि विचारा कोणालाही, प्रत्येकाला वाटतं आपण काहीतरी थोर जपतोय.

कॅप्टन निळा होता. म्हणजे किती निळा, तर त्याच्या घराचं दार निळं, बादल्या निळ्या, पडदे निळे, दात घासायचा ब्रशसुद्धा निळा. इथवर मी समजू शकते. पण त्याच्या घरात 'पिवळा' हा शब्द उच्चारायला बंदी होती. 'तसला रंग' म्हणायचं. अंड्यातल्या त्या भागाला 'मधला' म्हणायचं. सिग्नलला 'मधला दिवा'. केळी हिरवी आणायची आणि काळी पडेपर्यंत झाकून ठेवायची. त्याला एकच मुलगी. ती शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या रंगपेटीतली एक वडी त्यानं चाकूनं खरवडून फेकून दिली. पोरगी सूर्य लाल रंगवायची, सूर्यफूल लाल रंगवायची. बाईंनी बोलावून घेतलं, तर हा त्यांच्याशी वाद घालून आला. वर हा किस्सा वॉर्डात प्रत्येकाला ऐकवला, शौर्यपदक मिळाल्याच्या थाटात.

त्याची बायको मुलगी लहान असतानाच तापाने गेली. मुलीला त्यानं एकट्यानं वाढवलं, तिच्या वेण्या घातल्या, आजारपणं काढली, तिला शिकवलं. हे मी मान्य करते. वेण्यांना निळ्याच रिबिनी असायच्या, हेही ओघानं आलं. आणखी एक मान्य करते. पोट फाडलेल्या बाईला ट्रॉलीवरून पलंगावर घ्यायचं तर मी त्यालाच हाक मारायचे. तो उचलायचा तेव्हा बाई कण्हायची नाही. देवानं हात चांगले दिले होते, डोकं द्यायचं राहून गेलं.

वॉर्डात त्याचा एक उद्योग होता. आमच्या शहरात बाळ जन्मलं की ते मुलगा की मुलगी हे विचारून झाल्यावर दुसरा प्रश्न येतो, निळं की पिवळं? नातेवाईक त्या त्या रंगाची टोपडी घेऊन येतात. आमच्याकडे एकदा दोन आजोबा एकाच नातवाच्या डोक्यावर आपापलं टोपडं घालायला धावले आणि व्हरांड्यात एकमेकांना थर्मासनं बडवू लागले. बाळ बिचारं उघड्या डोक्यानं शिंकत होतं. त्यानंतर मी फर्मान काढलं की वॉर्डात टोपडं, दुपटं, मोजे सगळं पांढरं. कॅप्टननं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून पाळण्यांच्या पायांना, गादीखालून दिसणार नाही असा, निळ्या लोकरीचा धागा बांधायला सुरुवात केली. मी सकाळच्या फेरीला कात्री घेऊन वाकून वाकून ते धागे कापायचे. कंबर माझी दुखायची आणि हा दारात उभा राहून विचारायचा, "सिस्टर, काही हरवलंय का?"

आता तुम्हाला वाटेल हा अडाणी माणूस, याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची. तर आमचे मुलांचे डॉक्टर ऐका. ते पिवळे. शिक्षणानं माणूस सुधारतो म्हणतात, या डॉक्टरांचं शिक्षणानं फक्त अक्षर बिघडलं होतं. मॅचच्या दिवशी पांढऱ्या कोटाखाली पिवळा टाय. एकदा निळ्यांच्या गोलकीपरला मुलगा झाला, तेव्हा या विद्वानांनी बाळाला तपासायला म्हणून आत नेलं, पिवळ्या दुपट्यात गुंडाळलं, फोटो काढला आणि मग परत दिलं. तो फोटो शहरभर फिरला. गोलकीपरची बायको टाके सांभाळत रडत होती आणि डॉक्टर आपल्या खोलीत मित्रांना फोन करून खिदळत होते.

त्याच डॉक्टरांनी वॉर्डात पट्ट्यांची पद्धत आणली. पद्धत चांगली होती, त्यात खोट काढणार नाही. बाळाच्या मनगटाला आईच्या नावाची पांढरी पट्टी, आणि पायात रंगीत. ज्या बाळावर लक्ष ठेवायचं, ज्याचं रक्त तपासायचं, त्याच्या पायात पिवळी. ज्याचं सगळं तपासून झालं, जे घरी जायला मोकळं, त्याच्या पायात निळी. पट्टी एकदा बसली की निघत नाही, कात्रीनं कापावी लागते. केसपेपर बघायचाही नियम होताच. पण बाळंतिणींची रांग लागलेली आणि सिस्टर दोघी, अशा वेळी डोळा कागदाकडे जात नाही, पायाकडे जातो. पाय निळा दिसला की आई-बाळाला निरोप.

यावर कॅप्टनचा तिळपापड झाला. खरं तर निळं म्हणजे घरी आणि पिवळं म्हणजे आजारी, यात त्यानं खूश व्हायला हवं होतं. पण त्याचं म्हणणं, निळ्यांच्या पोरांच्या पायात तसला रंग घालायला डॉक्टरांनी काढलेली ही युक्ती आहे. मोठ्या साहेबांकडे जाऊन तो तक्रार करून आला. साहेबांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "कावीळ पिवळी असते साहेब. मी काय करू?" आणि बाहेर येऊन मला डोळा मारला. मी तोंड फिरवलं. दोन पोरांच्या भांडणात आईनं पडू नये, एवढं मला कळत होतं. ही पोरं मिशा पिकलेली होती, एवढाच फरक.

मग कॅप्टनच्या मुलीला दिवस गेले. ती चष्म्यांच्या दुकानात कामाला होती, नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले कितीतरी महिने पाण्यावर. म्हणून बाळंतपणासाठी ती बापाकडे राहायला आली. आधीचं एक मूल पोटातच गेलं होतं. तिचं रक्त निगेटिव्ह. अशा बाईचं दुसरं मूल पॉझिटिव्ह रक्ताचं निघालं तर आईचं रक्त बाळाच्या रक्ताशी वैर धरतं, बाळाला जन्मल्या जन्मल्या कावीळ चढते. वेळेवर कळलं तर दिव्याखाली ठेवून, नाहीतर रक्त बदलून बाळ खडखडीत बरं होतं. वेळ गेली तर ती कावीळ मेंदूत जाते, आणि तिथून ती परत येत नाही.

मुलगी झाली. गोरी, भरपूर जावळ, आणि फुप्फुसं अशी की पलीकडच्या वॉर्डातल्या बायका उठून बसल्या. कॅप्टन गेटवरच्या पहारेकऱ्यापासून शवागारातल्या माणसापर्यंत सगळ्यांना सांगून आला. बाळाचं रक्त पॉझिटिव्ह निघालं. मी माझ्या हातानं तिच्या पायात पिवळी पट्टी घातली आणि बाप-लेकीला समोर उभं करून समजावलं.

"कॅप्टन, नीट ऐका. हिचं रक्त पुन्हा तपासायचंय. कावीळ चढायची शक्यता आहे. डॉक्टर सांगेपर्यंत ही पट्टी पायातच राहणार आणि बाळ इथंच राहणार."

"डॉक्टरांनी सांगितली घालायला?" त्यानं विचारलं.

"हो."

तो हसला. "बरं, बरं. कळलं."

त्याला काय कळलं होतं हे मला तीन दिवसांनी कळलं.

पुढचे दोन दिवस माझी सुटी होती. पुढचं मला त्याच्या मुलीनं सांगितलं आणि थोडं त्यानं स्वतः, तेही मान वर करून. दुसऱ्या दिवशी दुपारी भेटायच्या वेळेत निळ्यांच्या समर्थक मंडळाची टोळी कॅप्टनची नात बघायला येणार होती. मंडळाचा अध्यक्ष कॅमेरा घेऊन येणार होता. कॅप्टनच्या तोंडचं पाणी पळालं. नातीच्या पायात तसला रंग, आणि त्याचा फोटो! गोलकीपरच्या बाळाचं काय झालं ते त्यानं बघितलं होतं. त्यानं ड्रेसिंगच्या ट्रॉलीवरची कात्री घेतली.

"बाबा, सिस्टरांनी नाही म्हणून सांगितलंय," मुलगी म्हणाली.

"सिस्टरना काय माहीत? त्या डॉक्टरनं खोडी काढलीय. माझी नात आहे म्हणून मुद्दाम घातलीय त्यानं. बघ, पोर कशी गुलाबी आहे. हिला काय धाड भरलीय?"

"फोटो झाला की परत घाला."

"घालतो की."

त्यानं पट्टी कापली आणि कपाटातून निळी आणून तिच्या पायात बसवली. कपाट कुठं उघडतं हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? टोळी आली, फोटो झाले, बाळाच्या इवल्या पायाचा जवळून फोटो झाला, अध्यक्षानं कॅप्टनची पाठ थोपटली. पिवळी परत घालायचं राहून गेलं. राहून गेलं असं तो म्हणतो. मी म्हणते, त्याला घालायचीच नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या जागी आलेल्या सिस्टरनं पायात निळी पट्टी पाहिली आणि सही केली. मुलीला वाटलं, सिस्टरच पाठवतायत म्हणजे तपासणी झाली असेल. आणि हा गृहस्थ, ज्याला एकट्याला सगळं माहीत होतं, तो चाकाच्या खुर्चीवर लेकीला आणि नातीला बसवून, खुर्ची स्वतः ढकलत गेटपर्यंत घेऊन गेला. गेटवरच्या पहारेकऱ्यानं बाळाला सलाम ठोकला म्हणे.

घरी गेल्यावर संध्याकाळपासून बाळाचा रंग बदलू लागला. मुलीला दिसत होतं. पण ज्या घरात ती तो शब्द कधी बोलली नव्हती, त्या घरात आता तो कसा बोलायचा? ती म्हणाली, "बाबा, बाळ जरा... तसल्या रंगाचं दिसतंय."

"उजेडामुळे वाटत असेल," तो म्हणाला. "पडद्यातून उजेड येतो ना."

पडदे निळे होते. निळ्या पडद्यातून तसला उजेड कुठून येणार, हे तिनं विचारलं नाही. लहानपणापासून बापापुढं लाल सूर्य रंगवलेली मुलगी ती, काय विचारणार? सकाळी बाळ दूध ओढेना. हाक मारली, गुदगुल्या केल्या, तरी डोळे उघडेना. मग एकदम किंचाळल्यासारखी बारीक, चिरकी रडली आणि पाठ ताठ करून मान मागे टाकली. तेव्हा मुलीनं बापाला विचारलं नाही. बाळ छातीशी गुंडाळलं, पायात सापडेल ती चप्पल घातली आणि रस्त्यावर येऊन टॅक्सी थांबवली. हा मागून धावत आला आणि कसाबसा आत बसला.

मी फेरीवर होते. दार ढकलून ती आत आली. ओली बाळंतीण, केस सुटलेले, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "सिस्टर, माझी मुलगी पिवळी पडलीये! पिवळी पडलीये हो!"

आणि तिच्या मागून कॅप्टन म्हणाला, "हळू बोल."

खरंच म्हणाला. मी माझ्या कानांनी ऐकलं. माणसाच्या मूर्खपणाला कुठंतरी तळ असेल असं मला तोपर्यंत वाटत होतं.

मी दुपटं उघडलं. बाळाच्या कपाळापासून तळपायांपर्यंत एकच रंग होता, आणि त्या पायात निळी पट्टी. क्षणभर मला माझ्याच डोळ्यांवर विश्वास बसेना. पण तो विचार करायची वेळ नव्हती. डॉक्टर धावत आले. त्या दिवशी त्यांनी जीव ओतून काम केलं, हे सांगितलं नाही तर मी खोटी ठरेन. बाळाचं रक्त बदललं. थेंब थेंब काढायचं, थेंब थेंब घालायचं, हात हलता कामा नये. त्यांचा हात हलला नाही. मग बाळाला काचेच्या पेटीत ठेवून, डोळ्यांवर पट्टी बांधून वरून दिवे लावले. कावीळ उतरवणारे ते दिवे निळे असतात.

संध्याकाळी बाळाचा रंग उतरायला लागला. मी नळी बदलत होते. कॅप्टन काचेपलीकडे उभा होता, डोळे रडून सुजलेले. मी त्याला विचारलं, "पट्टी कोणी कापली?"

"मीच," तो म्हणाला. मग त्या दिव्यांकडे बघून नाक पुसत म्हणाला, "पण बघा ना सिस्टर, शेवटी निळ्यानंच वाचवलं पोरीला."

माझा हात उठला होता. हातात बाळाची नळी होती म्हणून त्याचं थोबाड वाचलं.

चौकशी झाली. वॉर्डातून त्याला धोबीखान्यात टाकलं. त्यानं केलेल्या कर्माला ही शिक्षा म्हणजे थट्टाच होती. चौकशीच्या वेळी भांडारातला माणूस सहज बोलून गेला की पट्ट्या नारिंगी मिळत होत्या, जांभळ्याही मिळत होत्या, खोकी त्याच्याकडे पडूनच होती. मी तडक डॉक्टरांच्या खोलीत गेले.

"जांभळी असताना पिवळीच का घेतलीत?"

ते चष्मा पुसू लागले. "कॅप्टनसारख्यांची जरा गंमत, सिस्टर. मला काय माहीत असं होईल?"

गंमत! एकानं गंमत म्हणून रंग निवडला, दुसऱ्यानं मानापोटी तो कापला, आणि दोघांच्या मध्ये दोन दिवसांचं एक मूल. मी त्यांना काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मुख्य सिस्टरनं डॉक्टरांना तसं बोलायची रीत नसते. पण ते ऐकून घेऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी जांभळ्या पट्ट्या आल्या.

निळ्यांच्या मंडळात मात्र वेगळाच प्रकार घडला. कॅप्टननं नातीच्या पायाला पिवळा लागू दिला नाही, नोकरीवर पाणी सोडलं पण रंग सोडला नाही, अशी कथा तिथं तयार झाली. बाळ मरता मरता वाचलं हा भाग त्यांनी गाळला. पुढच्या मॅचला त्यांनी तिच्या पायाच्या त्या फोटोचा चादरीएवढा फलक करून स्टँडवर लटकवला आणि कॅप्टनला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. तो गेला आणि बसला.

मुलगी बापाशी बोलायची कमी झाली, पण घर सोडून गेली नाही. नवरा अजून समुद्रावर, हातात लहान मूल, जाणार कुठं? कॅप्टन मात्र नातीला डोळ्यांआड होऊ देत नव्हता. धोबीखान्यातून सुटला की धावत घरी. तिचे कपडे धुवायचा, तिला खांद्यावर घेऊन फिरवायचा, अंगाई म्हणायचा. त्याला तर एकच गाणं येत होतं, निळ्यांचं. एकदा मी त्यांच्या घरी गेले तेव्हा मला तो चक्क माणसांत आल्यासारखा वाटला. मेलं, म्हातारा जीव लावतोय पोरीला, असं म्हणून मी मनातल्या मनात त्याला थोडं माफही करून टाकलं.

त्या दिवशी निघताना मुलगी दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "सिस्टर, पातेलं पडलं तरी ही दचकत नाही."

बाळाला खूप कावीळ चढली की आधी काय जातं, हे मला माहीत होतं. मी ओळखीनं कानाच्या विभागात तपासणी ठरवली. जो दिवस मिळाला तो नेमका निळे-पिवळ्यांच्या मॅचचा निघाला. गर्दी नसते म्हणून त्या दिवशी नंबर लवकर लागतो.

कानाचा विभाग मागच्या इमारतीत, मैदानाच्या बाजूला. कॅप्टन निळा शर्ट घालूनच आला होता. बाळाला झोपवून डोक्याला तारा चिकटवल्या, कानांत बारीक आवाज सोडले. तपासणारी बाई पडद्यावरच्या रेघांकडे बघत होती. रेघा सरळ होत्या. तिनं आवाज वाढवला. रेघा सरळच. आणखी वाढवला. मग तिनं दुसरा कान घेतला. आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे होतो.

"दोन्ही कानांना काहीच ऐकू येत नाही," ती बाई शेवटी म्हणाली. "पुढे यंत्राचं बघता येईल. डॉक्टर सांगतील, तोवर बाहेर बसा."

आम्ही बाहेर बाकावर येऊन बसलो. कॅप्टन बाळाच्या कानाजवळ तोंड नेऊन टिचक्या वाजवू लागला, मग त्यानं शीळ घातली, मग टाळी वाजवली. बाळ जागं झालं होतं. ते त्याच्या शर्टाच्या गुंडीकडे टक लावून बघत होतं. तो रडायला लागला. मलाही भरून आलं. मला वाटलं, आता हा तो शर्ट अंगातून काढून फेकून देईल.

भिंतीवर घड्याळ होतं. त्याची नजर एकदा तिकडे गेली. मग पुन्हा गेली. मुलीनं ती पाहिली.

"बाबा, मॅचची वेळ झाली तुमची," ती म्हणाली. "जायचं असेल तर जा."

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती आणि उत्तराची वाट बघत होती. लहानपणापासून मनात साचलेलं एकच ती विचारत होती, हे माझ्यासारख्या परक्या बाईलाही कळलं.

त्यानं डोळे पुसले. "तसं... आता इथं माझं काय काम आहे म्हणा. डॉक्टरांना वेळ लागेल. तू म्हणतेस तर जाऊन येतो. मध्यंतरात फेरी मारतो."

"बरं," ती म्हणाली.

तो उठला, नातीच्या गालाला बोट लावून ते बोट ओठांना लावलं, आणि गेला. जिन्यावरून त्याच्या पायांचा आवाज आधी हळू आला, मग भराभर.

त्या बाकांवर आणखी चार-पाच बाया आपापली मुलं घेऊन बसल्या होत्या, कोणाचा कान फुटला होता, कोणाला ताप होता. थोड्या वेळानं मैदानावरून अशी आरोळी उठली की खिडकीची तावदानं थरथरली. बाकांवरची सगळी मुलं दचकली. एक झोपेतून उठून किंचाळलं, एकानं आईच्या पदरात तोंड खुपसलं, सगळ्या बाया एकदम थोपटायला लागल्या. कॅप्टनची नात आईच्या मांडीवर शांत पडून आपल्याच मुठीकडे बघत होती.

तिच्या आईनं त्या रडणाऱ्या मुलांकडे एकेक करून पाहिलं. मग आपल्या मुलीकडे पाहिलं. त्या दिवशी ती पहिल्यांदाच रडली. आणि बाहेर त्या आरोळीत तिच्या मुलीचे आजोबा घसा फोडून ओरडत होते.